पूर्णेचं पाणी, मुंबईची खुर्ची

जिंतूरहून सेनगावकडे निघालेली एसटी माळ उतरून येलदरी कॅम्पात थांबली, तेव्हा उतरणारे दोघंच. एक मी, दुसरे मासळीसाठी थर्माकोलचं रिकामं खोकं घेऊन आलेले गृहस्थ. समोर पूर्णेवरचं धरण: मधे दगडी भिंतीत दहा दरवाजे, दोन्ही अंगांना गवत माजलेला मातीचा बांध, लांबी चार किलोमीटरच्या वर. पायथ्याला वीजघर, साडेसात मेगावॉटचे तीन संच. आज किरकोळ वाटतं; पण १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्याला तेव्हा याचं केवढं अप्रूप!

धरण १९६८ मध्ये पुरं झालं. त्या दशकाचा बराच काळ पाटबंधारे खातं शंकरराव चव्हाणांकडे होतं. जन्म पैठणचा, हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी वकिली सोडली, नांदेडचे नगराध्यक्ष झाले, तिथून मंत्रालयात. शिस्त इतकी कडक की लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. हेडमास्तरांचा धाक असतो, गट नसतो. तेच त्यांना नडलं, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १९७५ मध्ये मुख्यमंत्री झाले. आणीबाणीनंतर काँग्रेस आपटली आणि मे १९७७ मध्ये खुर्ची वसंतदादा पाटलांकडे गेली. चव्हाणांनी वेगळी चूल मांडली. पुढच्याच वर्षी ते पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात अर्थमंत्री झाले, तेही एके काळी आपल्याच मंत्रिमंडळात असलेल्या शरद पवारांच्या हाताखाली. मार्च १९८६ मध्ये परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात मुख्यमंत्री निलंगेकर पायउतार झाले आणि दिल्लीनं पुन्हा चव्हाणांना धाडलं. जून १९८८ मध्ये दिल्लीनंच उचललं, केंद्रात अर्थमंत्री केलं. मुंबईत पुन्हा पवार!

  चव्हाणांच्या पडण्याला गुणवाढीसारखी भानगड नव्हती. ते पाण्यावर बोलत होते.

दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. खरीप-रब्बीला पाणी द्या, बारमाही उसाला आवरा, म्हणजे तेच पाणी जास्त शिवारांत पोचेल. साखर कारखान्यांच्या जोरावर आमदार निवडून आणणाऱ्यांना हे कसं रुचावं? खुर्ची एवढ्यावरच गेली असं नाही. पण वाचवायलाही कुणी धावलं नाही.

धरणाखालच्या टपरीवर चहा घेताना विचारलं, शंकरराव इथं कधी आले होते का? टपरीवाले म्हणाले, “ते नाही ठाऊक भाऊ. अवंदा दरवाजे उघडले तेव्हा मात्र मोबाइलवाल्यांनी पूल भरला होता.”

येलदरीतून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरला अडतं, तिथून कालव्यानं वसमतकडे जातं. संध्याकाळी मी त्याच वाटेनं निघालो. हळद, केळी आणि मग ऊस. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहेच.