नारोशंकराचें दुसरें बांधकाम

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानांत नागोया येथें राहतात. मागें त्यांचें छायाचित्रांसह एक लांबलचक पत्र आलें. एका रविवारीं ते सहकुटुंब इनुयामा नांवाच्या गांवीं जाऊन आले. आगगाडीनें अर्ध्या तासाची वाट. किसो नदीच्या कांठीं टेकडीवर जुना किल्ला आणि पायथ्याशीं त्याच्याच आश्रयानें वसलेली पेठ. सरदारानें किल्ला बांधावयाचा, मग कारागिरांनीं व व्यापाऱ्यांनीं त्याच्या सावलीला येऊन राहावयाचें, अशी या नगरांची उत्पत्ति. १८७३ सालीं तिकडील नव्या राजवटीनें बहुतेक किल्ले मोडीत काढले. मूळचे मनोरे शाबूत राहिले ते सारे मिळून बारा. अशा नगराला तिकडे ‘जोकामाची’ म्हणतात, म्हणजे दुर्गाखालचें गांव. शब्द वाचून आम्हांस मौज वाटली. आपल्याकडेही गडाच्या बालेकिल्ल्याखालील सपाटीस माचीच म्हणतात! अर्थात् आमची माची संस्कृत मंचापासून आली. त्यांची कोठून आली तें त्यांचे पंडित जाणोत. केवळ ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळविणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे.

पत्राच्या शेवटीं प्रश्न होता, ‘‘अण्णा, नाशिकहून एका दिवसांत पाहून येण्याजोगें असें गांव कोणतें?’’

उत्तर आम्हांस तत्काळ सुचलें होतें. पण तें आम्हीं गिळलें. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींनींच तें उच्चारलें, ‘‘मालेगांव.’’

ही गिळण्याची गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. १९९३ सालीं आमच्या संस्थेनें मालेगांवच्या शाळेचें मुख्याध्यापकपद आम्हांस देऊं केलें होतें. दंगलींच्या वार्तांनीं तें वर्ष भरलेलें. आम्हीं वृद्ध मातोश्रींच्या प्रकृतीचें कारण लिहून नकार कळविला. मातोश्री त्यानंतर अकरा वर्षें ठणठणीत होत्या. पुढें २००६ व २००८ सालीं तेथें स्फोट होऊन निरपराध माणसें मेलीं, तेव्हां ‘बरें झालें, गेलों नाहीं’ असें आम्ही चारचौघांत म्हणत असूं. सौभाग्यवती त्या वेळीं कांहीं बोलत नसत.

असो. श्रावणांतल्या एका सोमवारीं सकाळीं सहाच्या एस.टी.नें आम्ही उभयतां निघालों. ओझर, पिंपळगांव मागें पडलें. चांदवडास अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. तो एका स्वतंत्र दिवसाचा धनी, म्हणून रेणुकेला गाडींतूनच हात जोडले. राहूडचा घाट उतरून मोसमच्या पुलाशीं पोंचलों, तेव्हां साडेनऊ वाजले होते.

गोदाकांठच्या रामेश्वर मंदिराची घंटा नाशिककरांस ठाऊक आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हांची ती पोर्तुगीज घंटा; आणि १७४७ सालीं तें मंदिर बांधणारे नारोशंकर राजेबहादूर, ज्यांनीं झांशीची सुभेदारी केली आणि पानिपतच्या मोहिमेंत दिल्लीची राखण केली. त्याच नारोशंकरांनीं मोसमकांठीं १७४० च्या सुमारास हा भुईकोट उभारावयास घेतला. काम पंचवीस वर्षें चाललें म्हणतात. त्यासाठीं सुरतेकडून व उत्तरेकडून कारागीर आले. त्यांत मुसलमान पुष्कळ. काम संपल्यावर ते परत गेले नाहींत. पुढें १८५७ नंतरच्या धामधुमींत आणि १८६२ च्या दुष्काळांत काशीकडील मोमीन विणकर येथें आले आणि गांवांत मागांचा खडखडाट सुरू झाला. आमच्या मातोश्रींचीं नित्याचीं लुगडीं मालेगांवचीं असत. ज्या वस्तीला आम्ही भ्यालों, तिची पहिली वीट आमच्याच गांवच्या मंदिरकर्त्यानें आणविलेल्या हातांनीं बसली होती. इतिहास शिकविण्यांत हयात घालवूनही हें आम्हांस कधीं जुळवून पाहावेंसें वाटलें नव्हतें.

किल्ला चौकोनी, दुहेरी तटाचा, भोंवतीं खंदक. खंदकांत झाडोरा माजला आहे, कित्येक ठिकाणीं तट ढासळला आहे. पण बुरुजांचे काळे चिरे अजून असे बसलेले कीं सांध्यांत नख शिरूं नये. आंत एक शाळा भरते. दरवाजाच्या कमानींतून मुलें दप्तरें घेऊन धांवत होतीं. इनुयामाच्या चित्रांतली टापटीप येथें नाहीं. मात्र तेथें प्रेक्षक हिंडतात, येथें पाढे ऐकूं येतात.

वर्गांत १८१८ चें वर्ष शिकवितांना आम्ही एकच वाक्य सांगत असूं, ‘मालेगांवही पडलें.’ पडलें खरें, पण कसें? मेच्या मध्यास कर्नल मॅक्डॉवेलनें वेढा घातला. आंत अरबांची शिबंदी. महिनाअखेर खिंडारावर झालेली चढाई अरबांनीं परतविली. जूनमध्यें तोफेचा गोळा पडून दारूचें कोठार उडालें, तेव्हां कोठें ते तहास आले. इंग्रजांकडील मेलेले व जखमी दोनशेंहून अधिक. पुढचा प्रकार आम्हां भाषाशिक्षकांस विशेष रुचण्याजोगा आहे. अभयाचा कागद मराठींत लिहिला गेला आणि त्यांतील शब्द कर्नलच्या मनांतल्या अर्थापेक्षां सैल निघाले. वाद झाला, एल्फिन्स्टननें शब्दाचा लाभ अरबांनाच दिला.

तटाच्या सावलींत आम्ही दशम्या सोडून बसलों होतों. (सौभाग्यवतींचा सोमवार होता, त्यांनीं केळींच घेतलीं.) शेजारीं पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ टेंकले होते. बोलतां बोलतां कळलें, तेही निवृत्त मास्तर. उर्दू शाळेंत तीस वर्षें मराठी शिकविलेले. त्यांच्या मराठींत आम्हांस शोधूनही चूक सांपडली नाहीं, आणि आम्ही शोधीत होतों हें येथें कबूल करतों.

‘‘गुरुजी, नाशिकहून यापूर्वीं कधीं आलां असाल?’’

‘‘योग आला नाहीं,’’ आम्ही म्हणालों.

सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्या केळ्याची साल कागदांत गुंडाळीत राहिल्या. पण ती फारच सावकाश गुंडाळली जात होती. मग मास्तरच हंसून म्हणाले, ‘‘आमचेंही तसेंच. नारोशंकराची घंटा मुलांना इतकीं वर्षें सांगितली, पण पाहिलेली नाहीं. नाशिकला दवाखान्यापुरतें येणें होतें, आणि पंचवटीकडे… जावें कीं न जावें, असें वाटतें.’’

या ‘वाटतें’चा अर्थ आम्हांस कळला. त्या क्षणीं १९९३ ची गोष्ट त्यांना सांगावयाची होती. जीभ उचलली नाहीं. आम्हीं पत्ता मात्र लिहून दिला.

संध्याकाळच्या गाडीनें परतलों. घाटांत अंधार पडला. चिरंजीवांस चार पानांचें उत्तर लिहिलें: तट, खंदक, अरब, तो मराठी कागद, सगळें. सौभाग्यवतींनीं तें वाचलें, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, नोकरी नाकारल्याचें यांत राहिलें.’’ तें पांचवें पान अजून लिहावयाचें आहे. प्रथम तें येथें लिहून पाहिलें.

मास्तरांचा काल निरोप आला. येत्या रविवारीं ते नातवासह येणार आहेत. सौभाग्यवतींनीं पुरणाची डाळ काढून ठेवली आहे, आणि घंटा दाखविण्यास आमच्याबरोबर त्याही येणार म्हणतात.