गोदीच्या स्फोटाचं उरलंसुरलं

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतलं पाणी. 1888 साली सुरू झालेल्या या गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज 12 एप्रिल 1944 रोजी लागलं. 14 तारखेला, शुक्रवारी, दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी ते फुटलं. अर्ध्या तासानं पुन्हा एकदा. आज ती गोदीच नाही. तिच्यात आणि शेजारच्या 1880 सालच्या प्रिन्सेस गोदीत भराव टाकून कंटेनरसाठी जमीन केली. जहाज कुठे उभं होतं, हे बोट करून दाखवायलाही आता तिथे पाणी नाही.

लाल बावटा. जहाजात दारूगोळा असला की तो चढवायचा, असा दंडक. या जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं होती आणि बावटा चढवलेला नव्हता. एरवी असं जहाज बाहेर नांगरून माल पडावांत उतरवत. युद्धाच्या घाईत ती पद्धत सोडून दिली होती. शेजारच्या जहाजांवरच्या कित्येकांना आपण कशाच्या कुशीला उभे आहोत, याचा पत्ताच नव्हता.

कापसाच्या गासड्या, 8700. कराचीला भरलेल्या. त्यांच्याबरोबर वंगणाची पिंपं, लाकूड, गंधक, तांदूळ, मासळीचं खत. दोन नंबरच्या कप्प्यात खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा, अशी ही भरणी होती. जेवणाची सुट्टी संपवून परतलेल्या कामगारांना दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. 900 टनांहून जास्त पाणी आत सोडलं, तरी आग नेमकी कुठे आहे ते कळेना. बाजूच्या पोलादी पत्र्यावरचा रंग फुगून त्याला फोड आले, तेव्हा कळलं की आग या पत्र्यामागे आहे. तिथे भोक पाडायला गॅसचं यंत्र आणलं, ते चाललं नाही. आत पाणी चढत होतं, आणि पाण्याबरोबर तरंगत जळता कापूस वर, दारूगोळ्याच्या दिशेनं चढत होता. जहाज बाहेर ओढून न्यायचं की जागीच बुडवायचं, यावर वरिष्ठांचं एकमत झालं नाही. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. म्हणजे धूर दिसल्यापासून जवळजवळ दोन तास हाती होते. ते दोन तास वाया गेले, आणि या सगळ्या कहाणीत मला सर्वांत असह्य होतं ते हेच.

बंबवाले, 66. त्यांची नावं आहेत. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात स्मारक आहे, आणि देशभरात 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्यामुळेच पाळला जातो. शाळांतून, कारखान्यांतून त्या आठवड्यात आग विझवण्याची प्रात्यक्षिकं होतात. 14 एप्रिलच का, हे मात्र तिथे सांगितलं जाईलच असं नाही.

सोन्याच्या विटा, 124. याच जहाजावर एकतीस खोक्यांत, प्रत्येक खोक्यात चार. एकेक वीट 12.7 किलोची. स्फोटात त्या शहरभर उडाल्या. एक तर मैलभर लांबच्या एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यातल्या बहुतेक पुढे मिळाल्या. गोदीतला गाळ उपसताना 1970 च्या दशकापर्यंत त्या सापडत राहिल्या. किती होत्या, किती मिळाल्या, याचा हिशेब लागतो, कारण प्रत्येक विटेची कागदावर नोंद होती.

टोळीवाल्यांची माणसं. यांचा हिशेब लागत नाही. मेलेल्यांचा आकडा कुठे 800 दिला आहे, कुठे 1300. गोदीतलं बरंचसं काम तेव्हा रोजंदारीवर चाले. सकाळी टोळीवाला किंवा मुकादम माणसं उचलायचा, काम असेल तर हजेरी, नसेल तर माघारी. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसं. गोदीत यांची कायमची नोंद नाही. त्या दुपारी त्या धक्क्यांवर नक्की कोण कोण होतं, हे सांगणारी यादी कुणाकडे नव्हती. गोदी कामगारांच्या नोंदणीचा आणि कामाच्या नियमनाचा कायदा झाला तो 1948 साली. माथाडींसाठी 1969 उजाडावं लागलं.

मांडवीच्या वखारी. जळता कापूस आकाशातून त्यांच्यावर पडला. आग मस्जिद बंदराच्या बाजूला पसरली, घरं गेली, हजारो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले. हजारो टन धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी आणि मुंबईत रेशनिंग सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना. इथला घाऊक धान्यबाजार पुढे वाशीला गेला. दाणाबंदर हे नाव तेवढं इथे राहिलं आहे.

बातमी. जपान्यांनी बॉम्ब टाकला, असंच अनेकांना वाटलं. दुसऱ्या दिवशी जगाला स्फोटाची बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. मुंबईतल्या बातमीदारांना वृत्त बाहेर पाठवायची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. युद्ध चालू असताना शत्रूला नुकसान कळू नये, हे समजू शकतं. पण त्या तीन-चार आठवड्यांत ज्या गावांत माणूस परतला नाही, त्या घरांना काय कळलं असेल?

ढिगारा, सुमारे 5 लाख टन. 8000 माणसं सात महिने तो उपसत होती. त्यांच्याबद्दल वाचायला मिळतं ते इतकंच, एक आकडा आणि एक मुदत.

पंख्याचा तुकडा. ‘फोर्ट स्टिकिन’च्या पंख्याचा हा तुकडा उडून धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेत पडला. तो जपून ठेवला आहे. या यादीतली हात लावून पाहता येईल अशी ही एवढीच वस्तू. मुलांना घेऊन जाऊन ती दाखवावी. इतकं वजन तिथवर फेकलं गेलं, हे समोर उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

पाहणारे. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या पुढे आहे. खिडक्यांच्या काचा कशा फुटल्या, आकाश कसं काळं झालं, कोण कामावर गेला आणि आला नाही, हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांच्यानंतर ऐकीव उरेल, आणि नंतर तेही नाही.

तुमच्या घरात आजोबा, पणजोबा, आजीचा भाऊ असा कोणी 1944 च्या एप्रिलमध्ये गोदीवर कामाला गेला आणि परत आला नाही, अशी गोष्ट सांगितली जात असेल, तर ती आजच लिहून ठेवा. त्याचं नाव, गाव, तो कुणाच्या टोळीत होता, कोणतं काम करायचा, घरी मागे कोण राहिलं, जेवढं ठाऊक असेल तेवढं. फोटो असेल तर मागे नाव आणि तारीख घाला. पूर्ण यादी तेव्हा झाली नाही. ती आता घराघरांतूनच होऊ शकते.