कुंभारणीचे बिऱ्हाड

भावाभावांत बोलणे बंद व्हायला शेताचा बांध लागतो, विहिरीची पाळी लागते, निदान आजीची नथ तरी लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आमच्या घराण्यात ते काम एका चेनसॉने केले. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीला दात असलेली करवत. आमच्या गावात तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. या कटरने झाडे तर कापलीच, पण माझे आणि नानाचे बोलणेही दोन वर्षे कापून टाकले.

नाना माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी ठाण्याला बँकेत जन्म काढला आणि नानाने श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावी राहून नारळी-पोफळीची वाडी सांभाळली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले ते थेट आमच्याच किनाऱ्यावर. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा तो वारा काही तासांत निघून गेला. पण आजोबांनी लावलेल्या रोठा सुपारीच्या पोफळी त्याने काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या केल्या. गावोगाव एकच अवस्था. तोडणारे मिळेनात. शेवटी आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून ही चेनसॉ घेतली आणि पुढले काही महिने वाडी मोकळी केली. दोन म्हातारे आणि एक यंत्र! पण वाचकहो, इतके कष्ट आणि इतका आनंद मला एकत्र कधी मिळाला नव्हता.

पुढे एका दिवाळीनंतर मी गावी गेलो असताना दोन वाळके ओंडके कापले, यंत्र पडवीच्या माळ्यावर ठेवले आणि ठाण्याला परतलो. मे महिन्यात नानाने ते काढले, तर ते चालेना. म्हणजे सुरू होई, अर्धा मिनिट खोकल्यासारखे करी, वेग वाढवला की घुसमटे आणि बंद पडे. त्याने ते तालुक्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्या गृहस्थाने दोनदा दोरी ओढली आणि निकाल दिला, “पिस्टन गेला. कोणीतरी ऑइल न घालता नुसते पेट्रोल भरलेय.”

हे ‘कोणीतरी’ म्हणजे मी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. एक लिटर पेट्रोलमध्ये चाळीस मिलिलिटर ऑइल मिसळूनच टाकीत घालावे लागते. ते विसरले, की पिस्टन सिलिंडरला घासून त्याच्यावर उभे चरे पडतात आणि यंत्राचा कारभार आटोपतो. नानाने मला फोनवर विचारले, “बाळू, ऑइल घातले होतेस ना रे?” मी भडकलो. चाळीस वर्षे दुसऱ्यांचा पैसा मोजलेल्या माणसाला हिशेब विचारतोस, असे काहीतरी बोलून गेलो. फोन बंद झाला तो बंदच राहिला.

आता तुम्हांला म्हणून सांगतो. मी भडकलो, कारण मला आठवतच नव्हते. त्या संध्याकाळी ऑइलची बाटली हातात घेतल्याचे स्मरे, ओतल्याचे स्मरेना. खात्री असती, तर मी हसून उत्तर दिले असते.

दोन वर्षांनी काकूचा फोन आला. काकू म्हणजे नानाची आई. वय अठ्ठ्याऐंशी, पण आवाज अजून वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. “वादळात चिरफाळलेली फणसाची फांदी माझ्या खोलीवर ओणवी झालीय. कुऱ्हाड लावावी, तर हादऱ्याने कौलांवरच यायची. कटरवाले पावसाआधीच्या कामांत बुडालेत. तुमचे यंत्र नीट करा, नाही तर मी पावसाळाभर पडवीत निजते.” मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली.

पडवीत जुने गोणपाट अंथरून मी यंत्र मांडले. नाना समोर झोपाळ्यावर बसला, वर्तमानपत्र उलटे धरून. आमचे संभाषण काकूच्या मार्फत चालले होते.

“आई, त्याला म्हणावे, टाकीतले पेट्रोल जुने आहे.”

“काकू, त्याला सांग, तेच ओततोय.”

टाकीतल्या पेट्रोलला शिळा, रोगणासारखा वास येत होता. ते काढून ताजे मिश्रण केले. या वेळी ऑइल मोजले आणि नाना पाहतो आहे याची खात्री करूनच ओतले. हवेची गाळणी ब्रशने झाडली. दोरी ओढली. तोच अर्धा मिनिट, तोच खोकला, तीच घुसमट.

मग प्लग काढला. तो काळा आणि ओला होता. म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोचत होते. तो पुसून, पेट्रोलचा डबा लांब अंगणात ठेवून, प्लग धातूला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी लख्ख पडली. प्लग परत बसवून दोरी सावकाश ओढली, तर हाताला चांगला अडसर लागत होता. पिस्टन खरोखर गेलेला असता, तर दोरी सैल आली असती. पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगी आहे, दाब आहे. आणि इंजिन नाही! जबाबदाऱ्या सगळे पार पाडताहेत आणि घर मात्र चालत नाही, अशी काही कुटुंबे असतात ना, तसला प्रकार.

काकू सुपारी कातरता कातरता पाहत होती. ती म्हणाली, “लहानपणी तुम्ही दोघांनी न्हाणीतल्या बंबाच्या नळीवर पातेले उपडे ठेवले होते, आठवते? वरून धूर जाईना, तर खालून जाळ लागेना. मी वेडी सारखी नवी लाकडे घालत बसले होते.”

मी नानाकडे पाहिले. नानाने माझ्याकडे पाहिले. वर्तमानपत्र खाली पडले. “सायलेन्सर!” दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले.

नाना गोणपाटावर येऊन बसला. बोल्ट गंजले होते. त्याने पाना धरला, मी यंत्र धरले. सायलेन्सर सुटला आणि आत पाहिले, तर वाळलेली माती! बोट जाईल एवढ्या तोंडातून कुंभारीण माशी आत शिरली होती आणि तिने तिथे शिस्तीत बिऱ्हाड थाटले होते. जळालेला धूर बाहेर पडायला जेमतेम फट उरली होती. जुने जात नाही म्हणून नवे येत नाही. इंजिन घुसमटेल नाही तर काय करील? दोरीच्या बाजूचे झाकण काढले, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या फटींतही हिचे दुसरे बांधकाम.

नानाने तारेने माती कोरली, तशा एकेक खोल्या उघड्या पडल्या. कुठे रिकामे तपकिरी कोश, कुठे वाळून कोळ झालेले कोळी. ही माशी विहिरीकाठचा चिखल गोळी-गोळीने आणते, कोळ्यांना नांगी मारून लुळे करते, खोलीत भरते, त्यांवर अंडे घालते आणि दार लिंपून निघून जाते. अळीला शिदोरी आयती. ती कीटकाला टोचून-टोचून आपल्यासारखा करते, असे आजी आम्हांला सांगे. कीटभृंगन्याय म्हणतात तो हाच. खरे म्हणजे तो कीटक बदलत नाही, खाल्ला जातो आणि बाहेर पडते ती तिचीच लेक.

हसण्यावारी नेऊ नका. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळले आणि त्यातली १८९ही माणसे गेली. विमानाचा वेग सांगणारी एक नळी बंद झाली होती; तिच्यात अशाच एका माशीने घर केले असावे, असा चौकशी करणाऱ्यांचा कयास होता.

पण मला त्या घटकेला त्या मातीपेक्षा दुसरेच काही पाहायचे होते. सायलेन्सर निघाला, की त्यामागच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. मी दोरी हळूच ओढली आणि विजेरी आत धरली. हात थरथरत होता. पिस्टन गुळगुळीत होता. एकही चरा नव्हता.

नानाने माझ्या हातातून विजेरी घेतली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “घातले होतेस ऑइल.”

“मलाच खात्री नव्हती, नाना,” मी म्हणालो. “म्हणून तर ओरडलो.”

तो काही बोलला नाही. धोतराच्या सोग्याने पिस्टनसमोरची उरलीसुरली धूळ पुसून त्याने आत हाक मारली, “आई, बाळूला चहा टाक. साखर दीड चमचा.” दोन वर्षांत तो हे विसरला नव्हता.

सगळे साफ करून बोल्ट आवळले. तिसऱ्या ओढीला यंत्र असे गरजले, की माडावरचे कावळे उडाले. दुसऱ्या दिवशी एका तरबेज गड्याने फांदीला दोर बांधून ती तुकड्या-तुकड्याने उतरवली. एक कौलही फुटले नाही.

आता यंत्र माळ्यावर ठेवताना सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा असतो आणि त्याला काकूच्या जुन्या लुगड्याची लाल किनार लोंबत असते, म्हणजे सुरू करण्यापूर्वी काढायचे विसरू नये. आणि दर रविवारी सकाळी मी नानाला फोन करतो. विशेष काही बोलणे नसते. धूर जातोय ना, एवढेच पाहायचे.