आईने पाहिलेले पक्षी

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्यापैकी अनेकांचे दिवस चार भिंतींतच सरतात. गाडी चालवता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत, आणि ‘उगाच कशाला कुणाला त्रास’ असे आपणच म्हणून टाकतो. गेल्या मार्चमध्ये फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला बहिणीकडे असताना, ८२ वर्षांच्या आईच्या बाबतीत मात्र हे मी म्हणालो. वयोमानाने तिच्या दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला आहे. समोरच्याचा चेहरा तिला ओळखू येत नाही. “तिला पक्षी काय दिसणार?” हे माझे वाक्य तिने स्वयंपाकघरातून ऐकले. काही न बोलता ती चपला घालून दाराशी येऊन बसली.

जवळच, पूल ओलांडला की सॅनिबेल बेट लागते. तेथे व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग यांच्या नावाचे अभयारण्य आहे. खारफुटी आणि उथळ पाण्यामधून सुमारे साडेसहा किलोमीटरांचा एकेरी रस्ता जातो. गाडीत बसूनही पक्षी दिसतात. ओहोटीची वेळ साधावी, कारण चिखल उघडा पडला की ते चरायला उतरतात. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे. या एका धास्तीपायी कितीतरी वृद्ध सहलच टाळतात.

मी दुर्बीण लावून समोरची खारफुटी न्याहाळत होतो. आई मान तिरपी करून म्हणाली, “अरे, उजवीकडे काहीतरी धावतंय. झिंगल्यासारखं.”

तो तांबूस बगळा होता. आपला बगळा ध्यानस्थ; हा पाण्यात धावतो, गिरक्या घेतो, मध्येच पंख पसरून पाण्यावर सावली धरतो आणि मासा टिपतो. मला तो दिसलाच नव्हता. या विकारात मधली दृष्टी जाते, कडेची बहुधा शाबूत राहते, आणि हालचाल टिपण्यात ती तरबेज असते, हे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

(जाता जाता: दाराची चौकट किंवा वहीची रेघ एकाएकी वाकडी दिसू लागली, तर चष्म्याचा नंबर बदलला असे समजून थांबू नये. नेत्रतज्ज्ञाला तातडीने दाखवावे. काही प्रकारांत वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी दृष्टी राखता येते.)

पुढे गुलाबी चमचे दिसले. भिगवणला आपण पाहतो तो चमचा पांढरा. याला गुलाबी रंग येतो तो खाद्यातून, कोळंबीसारख्या जीवांतील रंगद्रव्यामुळे. याच पिसांसाठी एके काळी त्यांची बेसुमार शिकार झाली. अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत ते चालले होते. “गुलाबी, आणि झुलतंय,” एवढेच आई म्हणाली, पण ते थवा उडेपर्यंत तिने पाहिले.

शेवटी भेटला टकल्या डोक्याचा करकोचा, इंग्रजीतला ‘वुड स्टॉर्क’. गढूळ पाण्यात तो डोळ्यांच्या भरवशावर राहत नाही. उघडी चोच बुडवून चाचपत जातो. मासा लागला की सुमारे २५ मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याआधीच, ती मिटते. हे मी आईला सांगितले.

“मग त्यात काय? मिठाचा डबा मीही हातानंच ओळखते,” ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारले, “उद्या परत यायचं?”

“उद्या शुक्रवार. रस्ता बंद असतो.”

“मग शनिवारी येऊ. आणि ती दुर्बीण घरी ठेव.”