पाणी लहान होत नाही

खर्ड्याचा भुईकोट आमच्या जामखेड तालुक्यातला. निंबाळकरांचा. 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती त्याच परिसरात. दिवाळीत आळीतली बाकीची पोरं रायगड, प्रतापगड करायची. आम्ही खर्डा करायचो, कारण तो डोळ्यांनी पाहिलेला होता. विटांचे तुकडे रचून तट, भोवती खंदक, बाहेरच्या रानात अळीव पेरलेलं. मावळे मात्र बाजारातले आणि एकेक जण वेशीच्या दारापेक्षा उंच. आजोबा काठीचं टोक दारावर टेकवून विचारायचे, "हा गडी आत शिरायचा कसा रे?" दार वाढवलं की तट ठेंगणा दिसायचा. तट वाढवला की झाडी म्हणून पेरलेलं अळीव नुसतं गवत वाटायचं. एक माप हललं की सगळी हलतात.

पुढे मुंबईत चित्रपटांसाठी प्रतिकृती करण्यात माझी उमर गेली, आणि झगडा हाच राहिला. लाकूड, प्लास्टर, थर्माकोल हवं तेवढं लहान करता येतं. पाणी येत नाही. थेंब आहे तेवढाच राहतो. आग आणि धूर यांचंही तेच. म्हणून जहाज बुडवायचं तर प्रतिकृती शक्य तितकी मोठी करायची आणि कॅमेरा वेगात चालवायचा. मूळ वस्तूच्या सोळाव्या हिश्शाची असेल तर सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून चौपट. मग कोसळणारी भिंत पडद्यावर सावकाश, जड होऊन पडते. हे साधलं नाही तर कोरीवकाम कितीही बारीक असो, प्रेक्षकाला खेळणं ओळखू येतं. आधी वजन, मग नक्षी, हे माझं ठाम मत आहे. आता लाटा संगणकावर उठतात, पण तिथेही पाणी हलकं वाटलं की सगळं फसतं.

'संत तुकाराम' (1936) मी पहिल्यांदा जत्रेतल्या तंबूत पाहिला. विष्णुपंत पागनीस गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघाले आणि आजूबाजूच्या बायाबापड्यांनी हात जोडले. आजही मला ते दृश्य पटतं ते जमिनीवर राहिलेल्या जिजाईमुळे. तिच्या डोळ्यांत विमानाची उंची दिसते. हा चित्रपट दिग्दर्शित करणारे दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि बाबूरावांनी तर कॅमेराच स्वतः घडवलेला. ही विद्या शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती. रंधा, ब्रश आणि नजर, एवढंच भांडवल.

त्यांच्याही आधी दादासाहेब फाळके. 'लंकादहन'मध्ये (1917) त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांकडून करून घेतल्या. पण मला त्यांची सगळ्यात मोठी करामत वाटते ती 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधीची. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थांबून थांबून एकेक चौकट घेत त्याच्या अंकुराची वाढ टिपली. दिवसांचं काम पडद्यावर क्षणांत उलगडलं.

त्यासाठी फाळक्यांना विलायतेहून कॅमेरा आणावा लागला. तुमच्या घरात आज फोन आहे. या सुट्टीत मुलांना एक वाटाणा पेरायला द्या, फोन एका जागी घट्ट बसवा, आणि रोज ठरल्या वेळी एक फोटो त्यांनाच काढू द्या.