बैठकीचा प्रश्न

सूर्याच्या रथाला एकच चाक असते, असे आपली पुराणे सांगतात. त्या रथाचा सारथी अरुण. त्याचे दुसरे नाव ‘अनूरु’, म्हणजे ज्याला मांड्याच नाहीत असा. शाळेत हा शब्द पाठ केला तेव्हा त्यातले मर्म कळले नव्हते. एका चाकावर बसून रोज एवढी मजल मारावयाची तर मांड्या नसलेल्याच बऱ्या, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बाजव्याच्या आमच्या घराच्या मागील ओट्यावर, हातात कटर आणि पुढ्यात रबराचे तुकडे घेऊन बसलो असताना उमगले.

२०२२ च्या दिवाळीत माझ्या मुलीने स्वतःच्या पगारातून एकचाकी सायकल मागवली. आपल्या समजुतीप्रमाणे हा सर्कशीतला जिन्नस. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली तेव्हापासून तंबूतल्या कसरतींचे मराठी माणसाला अप्रूप नाही. पण तंबूतली वस्तू घरातल्या ओट्यावर येऊन बसली म्हणजे जरा विचित्रच वाटते. मुलगी लहानपणी मल्लखांब करीत असे, त्यामुळे तोल हा तिच्या अंगातलाच गुण. तरीही कंपाउंडच्या भिंतीला हात लावून दीड महिना ती पडत होती. मग एके दिवशी भिंत सुटली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग स्टेशनापर्यंत, मग छाणीच्या रस्त्यावर. जानेवारीत ती म्हणाली, “बाबा, मला महीच्या पुलापर्यंत जायचंय.”

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजवा हे वडोदऱ्याहून अहमदाबादकडे निघाल्यावर लगेच लागणारे स्थानक. एका अंगाला खतांचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, ज्याची ज्योत रात्री आमच्या गच्चीवरून दिसते. उत्तरेकडे वासदच्या अलीकडे मही नदी आडवी येते. अंतर बारा-पंधरा किलोमीटर. दुचाकीवर याला कोणी प्रवास म्हणणार नाही. एकचाकीवर तो आहे, आणि का आहे हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो.

तिची सायकल २९ इंची चाकाची. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.३ मीटर. या यंत्रात साखळी नाही, गिअर नाही, फ्रीव्हील नाही. पेडल थेट चाकाच्या आसाला. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. किलोमीटरला सव्वाचारशेहून अधिक, पंधरा किलोमीटरला साडेसहा हजार. बरे, दुचाकीवर उतारावर पाय थांबवता येतात, पेडलवर क्षणभर उभे राहून बूड मोकळे करता येते. शिवाय तेथे शरीराचा भार तीन ठिकाणी वाटला जातो: बैठकीवर, पायांवर आणि हँडलवर टेकलेल्या हातांवर. एकचाकीवर पाय क्षणभरही थांबत नाहीत आणि हात हवेत. उरला तो सगळा भार केळ्याच्या आकाराच्या एका अरुंद गादीवर. सर्कशीतल्या कलावंताला त्यावर चार-पाच मिनिटे बसायचे असते, टाळ्या घ्यायच्या असतात आणि उतरायचे असते. जी वस्तू पाच मिनिटांसाठी घडली ती दोन तासांसाठी वापरायची, तर ती पुन्हा घडवावी लागणार हे उघड होते.

आणि असे अंतर कापणारे लोक जगात आहेत. एड प्रॅट हा इंग्लंडचा तरुण २०१५ च्या मार्चमध्ये ३६ इंची एकचाकीवर घरून निघाला आणि पृथ्वीला फेरा घालून २०१८ च्या जुलैमध्ये परतला. त्याच्याआधी १९७६ ते १९७८ या काळात वॉली वॉट्स या कॅनडाच्या गृहस्थांनी तसाच प्रवास केला होता. मुलीने मला ही नावे सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ही मंडळी बसत कशी असतील?

मी कारखान्याच्या देखभाल विभागात चौतीस वर्षे काढली. पंप, झडपा, गॅस्केट यांच्याशी माझा संसार. यंत्र बिघडले की पहिला प्रश्न ठरलेला: कुठे? आवाज कुठून येतो, गळते कुठे, तापते कुठे? जागा कळली की अर्धे काम झाले. त्याच सवयीने मी मुलीला विचारले, “कुठे दुखतं?” ती म्हणाली, “बसायला त्रास होतो.” एवढेच. तीन किलोमीटरांनंतर ती उतरते, रस्त्याच्या कडेला उभी राहते, पुन्हा चढते, हे मी स्कूटरवरून मागे जाताना पाहिले होते. परंतु त्या पलीकडे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

वाचकहो, या पत्रिकेत मी गेली कित्येक वर्षे लिहितो आहे. शब्दांची मला वाण नाही, असा माझा आपला समज होता. त्या दिवशी शोध घेतला तेव्हा लक्षात आले की कंबर आणि मांडी यांच्या मधल्या प्रदेशासाठी बापाने मुलीशी बोलताना वापरावा असा एकही शब्द माझ्याजवळ नाही. जे संस्कृत आहेत ते वैद्यकाच्या पुस्तकातले, जे मराठी आहेत ते शिवीच्या शेजारचे. ‘बैठक’ हा त्यातल्या त्यात सभ्य; पण तो गाण्याचीही होतो आणि कार्यकारिणीचीही. असो.

जागा न कळल्यामुळे मी तेच केले जे कोणताही अडाणी कारागीर करील. बसायला त्रास होतो काय? मग मऊ करा. बैठकीचे कव्हर खालून स्टेपलने ठोकलेले होते, ते उचकटले आणि आतल्या फोमवर आणखी दोन इंच फोम चढवला. कव्हर पुरेना, म्हणून फाटकाजवळ बसणाऱ्या चांभाराकडे नवे रेक्झिन शिवायला नेले. त्याने ते धूड उलटेपालटे करून विचारले, “काका, आ सीट छे के ओशीकुं?” उशी म्हटले तर उशीच होती ती. मुलगी त्यावर बसून गेली आणि दोन किलोमीटरांतच परतली. त्रास वाढला होता.

हे का होते ते पुढे कळले. बसताना भार पेलण्यासाठी निसर्गाने आपल्याला बुडाखाली दोन हाडे दिली आहेत. पृष्ठभाग टणक असेल तर भार या दोन हाडांवर राहतो. तो फार मऊ केला की हाडे आत रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबतो, आणि नेमक्या त्या मधल्या भागातूनच नाजूक नसा व रक्तवाहिन्या जातात. म्हणजे मी मायेने जी गादी वाढवली, तिनेच नको तेथे बोट ठेवले.

मग ट्यूबचा प्रयोग. परदेशातले लांब पल्ल्याचे एकचाकीस्वार फोम काढून कव्हरच्या आत सायकलची ट्यूब घडी करून घालतात आणि तिच्यात हवा भरतात, असे मुलीच्या वाचनात आले होते. लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब आणली, व्हॉल्व्ह कव्हरच्या बाजूने बाहेर काढला. कल्पना मोठी देखणी. हवा भरगच्च भरली तर बैठक चेंडूसारखी डुलते आणि एकचाकीवर बैठक डुलली की दिशाच हरवते, कारण या वाहनाला वळवायचे ते कंबरेनेच. हवा कमी केली तर डुलणे थांबते. मात्र खाली प्लॅस्टिकचा तळ लागतो. मार्च आणि एप्रिल आम्ही एक पंप घेऊन हवेचे माप शोधण्यात घालवले. थोडा आराम मिळाला, नाही असे नाही. मग वडोदऱ्याचा मे महिना आला आणि सायकल कपाटामागे गेली.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी पुन्हा ती बैठक मांडीवर घेऊन बसलो होतो. माझी पत्नी भजी तळत होती. तिने झारा हातात तसाच धरून सांगितले, “अहो, पाच महिने झाले, काय लावलंय हे? तिला मागे लागत नाही, पुढे लागतं. मधे दाबतं आणि बधिर होतं. मधे जागा ठेवा की.” आणि झारा पुन्हा कढईत.

पाच महिने मायलेकींना हे ठाऊक होते. मुलीने आईला सांगितले होते, ते मला कळेल या आशेने; आईला वाटले की मुलीने मला सांगितलेच असेल. मी सोडून घरात सर्वांना जागा माहीत होती आणि दुरुस्ती मात्र माझ्याकडे होती.

पुढे वाचता वाचता कळले की हा आमच्या एका घरातला घोळ नव्हे. सायकलच्या बैठकी कित्येक वर्षे पुरुषांनी पुरुषांच्या अंगाने घडवल्या. जॉर्जीना टेरी या अमेरिकन बाईंनी स्त्रियांच्या सायकलींचा कारखाना १९८५ मध्ये काढला आणि १९९० च्या दशकात मध्ये पोकळी असलेली बैठक बाजारात आणली. १९९७ मध्ये बोस्टनच्या डॉ. अर्विन गोल्डस्टीन या मूत्ररोगतज्ज्ञांनी अशा बैठकीमुळे पुरुषांनाही अपाय होतो असे एका सायकलविषयक मासिकात सांगितले, तेव्हा मोठा गहजब झाला आणि पाहता पाहता दुकानोदुकानी खाच असलेल्या बैठकी दिसू लागल्या. बायका बधिर झाल्या तर ती नाजूकपणाची गोष्ट, पुरुष झाले की संशोधन. हे वाक्य माझ्या मुलीचे आहे. मी फक्त उतरवून घेतले.

आता काम सोपे झाले, निदान यंत्राचे. हाडांमधले अंतर मोजण्याची एक युक्ती आहे. टणक बाकावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर दोन मिनिटे बसायचे. उठल्यावर दोन खळगे उमटतात. मी आधी स्वतः बसून पाहिले: ११ सेंटिमीटर. मग एक कोरा पुठ्ठा मुलीच्या टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी तो माझ्या हत्यारांच्या पेटीवर होता. खळग्यांभोवती पेन्सिलीची वर्तुळे, मध्ये १३ हा आकडा आणि पुढच्या भागात लाल शाईने एक लांबट पट्टा, त्यावर लिहिलेले: ‘इथे काहीही नको.’ चौतीस वर्षांत मला इतका स्वच्छ नकाशा कोणत्या इंजिनिअरने दिला नव्हता.

चपलांना वापरतात ते टणक रबर आणले. मागे दोन हाडांखाली जाड, पुढे पातळ आणि लाल पट्ट्याच्या जागी दोन बोटे रुंद खाच आरपार, प्लॅस्टिकच्या तळापर्यंत. रबर कापायला कटरपेक्षा ब्रेडची दातेरी सुरी बरी, हे कोणाला उपयोगी पडणार असेल तर पडो. घरच्या सुरीचे काय झाले हे विचारू नये. चांभाराने या वेळी काही विनोद केला नाही. रेक्झिनऐवजी ताणले जाणारे कापड घ्या, नाहीतर खाचेवर ते ताठ राहील आणि खाच असून नसल्यासारखी होईल, हे त्यानेच सुचवले.

उरले हँडल. लोक मला विचारतात, एकचाकीला हँडल कशाला, वळवायचे काय? वळवायचे काहीच नाही. हे हँडल चाकाला जोडलेले नसतेच, ते बैठकीच्या पुढच्या टोकाला घट्ट बसवलेले असते. त्याचे काम एकच, हातांना टेकायला जागा देणे, म्हणजे खांद्यांचा आणि धडाचा काही भार बैठकीवरून उचलला जातो. चढावर तेच हँडल वर ओढून पायांना जोर देता येतो. मी एका मोडक्या लेडीज सायकलचे हँडल कापले, तिची २२ मिलिमीटरची नळी यू आकारात बसवली. बैठकीचा प्लॅस्टिकचा तळ त्या ओढीने वाकू लागला, म्हणून खाली तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. पहिले हँडल मी दीड वीत पुढे काढले होते. हात आरामात टेकत. परंतु एकचाकीवरून पडताना माणूस पुढे उडी मारून पायांवर उतरतो आणि त्या वाटेत हे हँडल. गुडघा फुटला. मग कापून एक वीत केले, कडांना रबरी मुठी बसवल्या. त्याच सुमारास तिने १५० मिलिमीटरच्या क्रँक काढून १२५ च्या घातल्या. पायांचे वर्तुळ लहान झाले की मांडी बैठकीवर कमी घासते.

२०२३ च्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत पाने, मायक्रोमीटर आणि स्कूटरची किल्ली यांच्याबरोबर ती बैठकही मांडली. पत्नीने तिला झेंडू वाहिला आणि हसू दाबले.

त्यानंतरच्या रविवारी मुलगी उजाडण्यापूर्वी निघाली. मी मागे स्कूटर घेऊन येतो म्हटले, तर नको म्हणाली. पाठीवर पाण्याची बाटली, मागे लाल दिवा. महीचा पूल ओलांडून वासदला पोचल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राचे तेच पान तिसऱ्यांदा वाचत होतो. वाटेत तीन वेळा उतरावे लागले, असे म्हणाली. परतीला मेमू गाडी.

मी बाजवा स्थानकावर घ्यायला गेलो. फलाटावर सकाळची गर्दी, दुधाची कॅनवाली माणसे, परीक्षेला निघालेली मुले. ती एका हातात सायकल धरून उतरली. चेहरा घामाने आणि धुळीने माखलेला. मी विचारले, “कशी आहे बैठक?” तिने सायकल उलटी करून माझ्या हातात दिली आणि त्या गर्दीत सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खाच अगदी बरोबर आहे बाबा, बधिर काही झालं नाही. पण डाव्या मांडीच्या आत, अगदी वर, शिवण घासते. सोलवटलंय तिथे.” बोट ठेवून तिने जागा दाखवली. मी खिशातली पेन्सिल काढून कापडावर खूण केली.