पापणी लवण्यापुरती वीज

आमच्या गावच्या एस. टी. स्टँडमागे मोटारींचं वायरिंग नि बॅटऱ्या पाहणाऱ्या एका मिस्त्रींचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. दिवाळीच्या तोंडावर माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान गाडी घेऊन आमच्याकडे उतरले होते, आणि इथून पुढे आंबा घाट उतरून त्यांना रत्नागिरीला जायचं होतं. गाडीत चालकासमोर एअरबॅगचा एक दिवा सारखा जळत होता. "वर्षभर तसाच जळतोय, दादा. गाडीचं काही अडत नाही," असं मेहुण्यांचं म्हणणं. बहिणीला ते पटत नव्हतं, मलाही नव्हतं. गाडी मिस्त्रींकडे गेली.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, हात पुसले, आणि ते स्वस्थ बाकड्यावर येऊन बसले.

"चहा घेऊ या, गुरुजी."

"अहो, पण काम?"

"तार काढली म्हणून गाडी मेली नाही. आत अजून धुगधुगी आहे. ती निवू द्या."

ही धुगधुगी म्हणजे एक कंडेन्सर. घरातल्या पंख्याचं बटण बंद केल्यावरही त्याच्या कंडेन्सरचा झटका ज्याने एकदा खाल्ला आहे, त्याला अधिक सांगायला नको. एअरबॅगचा कारभार पाहणारी एक लहानशी पेटी गाडीत असते. ती बॅटरीच्या बारा व्होल्टांवर विसंबून राहत नाही. त्यांचे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक करून ते ती आपल्या कंडेन्सरात भरून ठेवते. कारण उघड आहे. समोरून धडक बसली की आधी चेपतं ते बॉनेट, आणि बहुतेक गाड्यांची बॅटरी त्या बॉनेटखालीच. म्हणजे ज्या क्षणी वीज हवी, नेमकी त्याच क्षणी ती तुटायची भीती! आमची आजी तांदळाच्या डब्यात तळाशी पैशांची एक पुरचुंडी ठेवी. घरात कितीही ओढाताण असो, ती वर येत नसे. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तरच आजीचा हात तांदळात जाई. पेटीतली ही वीज त्याच जातीची.

आणि लागते तरी किती? बॅगेच्या पोटातली वात पेटवायला एक-दोन अँपिअरचा प्रवाह, तोही सेकंदाचा हजारावा-दोन हजारावा भाग. पेट घेतला की तीसेक सहस्रांश सेकंदांत बॅग फुगून तयार. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. एवढ्यासाठी ही सारी साठवण! दुरुस्तीच्या पुस्तकांतून मात्र तार काढल्यावर थांबायला सांगतात. कुणी एक मिनिट सांगतं, कुणी तीन, कुणी दहा. आमच्या मिस्त्रींचं माप एक कप चहा. ते मला अधिक भरवशाचं वाटलं, कारण चहा गरम होता.

मी मिस्त्रींना आगगाडीची गोष्ट सांगितली. (मास्तर माणसाला बाकड्यावर गप्प बसवत नाही.) वेस्टिंगहाऊसने १८७२ साली जो ब्रेक काढला, त्यात हवेच्या दाबाने ब्रेक मोकळा राहतो, डबे सुटले, नळी तुटली, की हवा निसटते आणि ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे बिघाड हाच रखवालदार! मग एअरबॅगला तसंच का करू नये? मिस्त्री हसले. "वायर ढिली झाली की बॅग फुटायला लागली, तर घाटात चालकाच्या थोबाडीत बसेल, गुरुजी." खरंच. जिला उगाच उठायचं नाही आणि वेळेला चुकायचंही नाही, तिला पदरची शिदोरी बांधून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या गाडीचा आजार किरकोळ निघाला. सीट मागेपुढे सरकवून सरकवून तिच्याखालचा पिवळा जोड ढिला झाला होता. तेवढ्यानेही ऐनवेळी बॅग उघडेल याचा भरवसा उरला नव्हता. मेहुणे थोडा वेळ गप्प होते.

पण शिदोरी असूनही उपाशी मरण्याची एक कथा मी वाचली आहे, आणि ती मनातून जात नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांत बसवलेल्या स्विचची खिट्टी नि तिची स्प्रिंग दुबळी होती. गुडघ्याचा धक्का, जड जुडग्याचा भार, रस्त्याचा हिसका, एवढ्याने चालत्या गाडीत किल्ली फिरे. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगची पेटीही निजलेली. पेटीतली पुंजी धडकेच्या क्षणापुरती. बंद पडलेली गाडी घरंगळत जाऊन आदळेपर्यंत टिकण्यासाठी ती नव्हतीच. शिवाय किल्ली फिरली म्हणजे मालकानेच गाडी थांबवली, असं त्या यंत्राला शिकवलेलं. दिवा वाऱ्याने गेला की घरधन्याने मालवला, हे त्याला कळायचं कसं?

२००६ मध्ये सुधारलेल्या भागाला मान्यता मिळाली, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवला. मुलगा बदलला नि हजेरीपटावरचा आकडा तोच! त्यामुळे नव्या गाड्या शहाण्या नि जुन्याच का वेड्या, हे कोडं शोध घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं सुटेना. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषापायी झाल्याचं मान्य केलं. भाग होता एका डॉलरहूनही कमी किमतीचा. आकड्यांपेक्षाही, तो क्रमांक न बदलणारा हात मला अधिक अस्वस्थ करतो.

दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगण्यात आलं होतं की, जुडग्यात गाडीच्या किल्लीखेरीज काही ठेवू नका. आपल्याकडचे जुडगे आठवून पाहा! कपाटाची किल्ली, तिजोरीची किल्ली, पितळी गणपती आणि एक बाटली उघडायचं आकडं. बहिणीने त्या संध्याकाळी यजमानांचा जुडगा सोडवला. त्यांची गाडी त्या जातीची नव्हती, पण तिने ऐकलं नाही.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे तो दिवा आता पुष्कळ गाड्यांत दिसतो. त्याची रीत अशी: किल्ली फिरवली की तो क्षणभर लागला पाहिजे, आणि मग विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण बिघाड सांगणाराच मुका झालेला. हल्ली मी कुणाच्याही गाडीत पुढे बसलो की पट्टा लावतो आणि किल्ली फिरताना मान किंचित वाकवून तो दिवा पाहतो. परवा एक चालक मला म्हणाला, "गुरुजी, गणपतीची मूर्ती इकडे आहे, या बाजूला."